मधातलं उत्तर

"अबे, कोठून आनला रे हा पाच?"

"मधातून आनला गुर्जी."

"कोनाच्या मधातून?"

"तिनाच्या आन् साताच्या."

"तुले कोनं सांगतलं मधात जाले? फळ्यावर काय लेहलं हाये? क्ष तिनापेक्षा कमी पायजे. आन् थोच क्ष सातापेक्षा जास्त पायजे. पाच तिनापेक्षा कमी हाये काय?"

"नाई गुर्जी."

"सातापेक्षा जास्त हाये?"

"नाई."

"मंग दोनीकडून नापास झालेला आकडा तू मले उत्तर म्हनून कायले दाखवून राह्यला?"

शालिकराम फळ्यापाशी खालमानेनं उभा होता. माळ्याचं पोट्टं, अंगानं दांडगं, पण खोटं बोलणारं नव्हे. त्यानं मनात होतं ते सांगून टाकलं.

"गुर्जी, पाच लेहला का दोघाईचंही मन राह्यते."

वर्गात कोणी हसलं नाही. हसणार कसं? सगळ्यांच्या पाटीवर पाचच होता. सहदेव मास्तरांनी हातातला खडू मोडला.

तेल्हाऱ्याच्या मिडल स्कुलात सहदेव मास्तर गणित शिकवत होते ती छत्तीस-सदतीसची सालं. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले. मास्तर मूळ हिवरखेडचे, माळ्याच्या घरचे. अकोल्याला शिकले, पण जीभ अकोल्याला ठेवून आले नाहीत. वर्गात वऱ्हाडीतच बोलत. हेडमास्तर देशावरचे होते. त्यांनी एकदा सांगून पाहिलं, "अहो, मुलांसमोर जरा शुद्ध बोलत जा." मास्तर म्हणाले, "पोट्ट्यायले आधी गनित येऊ द्या, मंग शुद्धाचं पाहू." तेव्हापासून तो विषय निघाला नाही.

त्यांचा राग सगळ्या गावाला ठाऊक होता. छडी मात्र त्यांनी कधी हातात धरली नाही. राग आला की खडू मोडत, आणि मोडलेल्या तुकड्यानं पुन्हा लिहीत.

त्या दिवशीचं गणित अवघड नव्हतं. क्षची दुप्पट करून त्यात एक मिळवला तर सातापेक्षा कमी भरते, आणि क्षच्या तिपटीतून एक काढला तर विसापेक्षा जास्त उरते. असा क्ष कोणता? पहिल्यातून एक वजा केला, दोनानं भागलं, क्ष तिनापेक्षा कमी. दुसऱ्यात एक मिळवला, तिनानं भागलं, क्ष सातापेक्षा जास्त. इथवर शालिकरामनं बिनचूक आणलं होतं. घोटाळा शेवटच्या ओळीत झाला.

आणि हा घोटाळा माळ्याच्या पोराशिवाय कोणी केला नसता. लहानपणापासून ही पोरं मायजवळ बाजारात बसलेली. गिऱ्हाईक एक भाव सांगते, माय दुसरा सांगते, दोघं घटकाभर एकमेकांच्या सात पिढ्या काढतात, आणि टोपलं उतरते ते मधातल्या भावात. दोन टोकं दिसली की मध काढायचा, ही त्यांच्या हाडात मुरलेली विद्या. पुस्तकात या धड्याचं नाव 'असमता' होतं. मास्तर त्याला 'कमी-जास्तीची गणितं' म्हणत. पोरांनी त्याचा भाजीबाजार करून टाकला होता.

"इकडं पाहा," मास्तर म्हणाले. त्यांनी फळ्यावर आडवी रेघ ओढली, तिच्यावर आकडे मांडले. "भेंडी तोडता ना? बोटापेक्षा मोठी आन् वितीपेक्षा लहान, अशी भेंडी टोपल्यात जाते. दोनी गोष्टी एकाच भेंडीले लागू पायजे. ह्या इकडून रेघ येते, हे तिकडून येते. जिथी दोनी एकमेकीवर पडल्या, तेवढं उत्तर. समजलं?"

"हाव गुर्जी."

"आता उलटं. बोटापेक्षा लहान किंवा वितीपेक्षा मोठी, थे टोपल्याभाईर. इथी 'किंवा' हाये. एक गोष्ट लागू झाली तरी बस. म्हनून दोनीकडचं उत्तर. आता शालिकरामचं पाहा. तिनापेक्षा कमी, म्हनजे रेघ डावीकडे गेली. सातापेक्षा जास्त, म्हनजे उजवीकडे गेली. मधात 'आनि' हाये. एकमेकीवर कोठी पडल्या?"

"कोठीच नाई."

"मंग काय लेहायचं?"

पोरं आपापल्या पाटीकडे पाहू लागली. शेवटी मास्तरच ओरडले, "उत्तर नाई, असं लेहायचं! उत्तर नाई हेही उत्तरच हाये! ज्यायचं जमतच नाई त्यायच्या मधात पाच ठेवला म्हनजे दोघाईचं मन राह्यलं नाई बे, दोघाईलेही फसोलं!"

शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि मास्तर एकदम थांबले. पोरांना वाटलं घसा बसला. घशाला काही झालं नव्हतं. त्यांना नत्थुजीचा ओटा आठवला होता.

गोष्ट अशी. हिवरखेडला मास्तरांच्या घरचा मळा. विहीर एक, मोट एक. थोरला भाऊ खुशालराव मळा पाही. त्यानं सात वर्षं खपून संत्र्याची झाडं उभी केली होती. पहिल्या उन्हाळ्यात तर घागरीनं पाणी घालून जगवली. औंदा झाडं पहिल्यांदा बहार धरण्याजोगी झाली. संत्र्याची रीत अशी की मृगाचा बहार पाहिजे तर चैत्र-वैशाखात पाणी तोडायचं. त्याला ताण देणं म्हणतात. झाड उन्हात तळमळलं पाहिजे, अर्धी पानं गळली पाहिजेत, तेव्हा कुठं पाऊस लागल्यावर ते फुलावर येते. मधात पाणी पाजलं की झाड फूल विसरते आणि नुसती पालवी फेकते.

मळ्याच्या शेवटी एक पट्टा धाकट्या बहिणीचा, वच्छलाचा. नवरा तापानं गेल्यावर ती माहेरी आली. दोन वर्षं खुशालरावच्या चुलीवर जेवली. भावजय पार्बताबाई वाढताना भाकरीकडे कमी आणि वच्छलाच्या तोंडाकडे जास्त पाही. बापानं मरायच्या आधी हा पट्टा तिला तोडून दिला. ती त्यात भाजी लावू लागली आणि त्याच दिवशी तिनं चूल वेगळी मांडली. उन्हाळ्यात तिची भेंडी असे. भेंडीला चौथ्या दिवशी पाणी लागते.

आता पाणी जायचं कसं? विहीर वरच्या अंगाला, पट्टा खालच्या अंगाला, आणि पाण्याचा मातीचा दांड संत्र्याच्या ओळीमधून. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला परक्याचं वावर. दुसरी वाट नाही. वच्छलाकडे पाणी निघालं की वाटेत झाडांची मुळं ते पिऊन घेत. तिला पाणी म्हणजे झाडांना पाणी. झाडांना ताण म्हणजे तिला ताण.

गुढीपाडव्याच्या सुमाराला भांडण पेटलं आणि नत्थुजीच्या ओट्यावर गेलं. नत्थुजी माळ्यांमधला जुना माणूस. गावातला कोणताही तंटा असो, तो मधातून फाडून देई. एकदा दोन साडू एका जनावरासाठी भांडत होते. एकाला दुधासाठी म्हैस पाहिजे होती, दुसऱ्याला बंडीसाठी बैल. नत्थुजीनं दोघांना मिळून हेला, म्हणजे रेडा, घ्यायला लावला. तो हेला दूध तर देणार नव्हताच, आणि बंडीला जुंपला की पहिल्या डबक्यात जाऊन बसे. तरी लोक नत्थुजीचा न्याय वाखाणत, कारण त्याच्या ओट्यावरून कोणी हरून उठत नसे.

त्या दिवशीही त्यानं डोळे मिटले आणि सांगितलं, "खुशाल म्हन्ते पानी नाई. वच्छली म्हन्ते चौथ्या दिवशी. त आठव्या दिवशी द्या. काय मास्तर?"

सहदेव मास्तर शनिवारी गावी आले होते. तेल्हाऱ्याला परत जाणारी बंडी रस्त्यावर उभी होती, बंडीवाला हाका मारत होता. मास्तर म्हणाले, "ठीक हाये," आणि उठले.

शाळेत उभ्याउभ्या हे सगळं त्यांच्या डोक्यात फिरलं. पाचावर ओरडणारा मास्तर आठाला हाव म्हणून आला होता. त्यांनी फळा पुसला, पोरांना सोडलं आणि शनिवारची सकाळची शाळा सुटल्याबरोबर मिळेल त्या बंडीनं हिवरखेडची वाट धरली.

ऊन उतरताना ते मळ्यात पोचले. आधी झाडं पाहिली. पानं गळायची ती नावाला गळली होती, आणि शेंड्याला कोवळी पोपटी पालवी फुटली होती. ताण मोडला होता. मग खाली गेले. वच्छला वाफ्यात बसून वाळली झाडं उपटत होती. तिनं मान वर केली नाही. एक भेंडी तोडून तेवढी त्यांच्याकडे फेकली.

"मोडून पाहा."

मास्तरांनी शेंडा मोडून पाहिला. मोडेना. नुसता वाकला, सुतळीसारखा.

"भाऊ, तुमी गनित शिकोता म्हन्ते लोकं. मले एक सांगा. चौथ्या दिवशी पेनाऱ्याले आठव्या दिवशी पाजलं, त अर्धं जगते काय थे?"

"नाई."

"मंग तवा हाव काहून म्हटलं?"

मास्तर ती भेंडी बोटांत फिरवू लागले.

"दादा आपल्या झाडाच्या बाजूनं बोलला. थे मले समजते. नत्थुकाका सवयीनं बोलले. तुमी कोनाच्या बाजूनं बोलले?"

"बंडी उभी होती वच्छले."

"बंडी उभी होती!" वच्छलानं मुठीतली झाडं आपटली. "तुमची बंडी उभी होती म्हनून माही भेंडी आडवी झाली. आजून पंधरा दिवस असं चाललं त मी पुन्ना पार्बतावैनीच्या ताटाले जाऊन बसतो. तुमी येजा मंग पाव्हने म्हनून, आपन दोघंही खाली मान घालून जेऊ."

मास्तर तिथून जे उठले ते सरळ विहिरीवर. खुशालराव मोटेचं पाणी पडते त्या थारोळ्याच्या काठाला टेकून तंबाखू मळत होता.

"दादा, उद्या मोट धर. वच्छलीचे वाफे भिजोव."

"उद्या सहावा दिवस. आठव्याचं ठरलं हाये."

"थे ठरलं थेच चुकलं. झाडं पाह्यली काय? पालवी फुटली. भेंडी पाह्यली काय? वाळली. आठव्या दिवसानं दोघाईलेही मारलं." मास्तर खाली बसले, काडीनं मातीत रेघ ओढली. "हे पाह्य. तिले पानी चौथ्या दिवसाच्या इकडे पायजे. तुले पावसाच्या तिकडे पायजे. ह्या दोन रेघा कोठी भेटते दाखोव मले."

खुशालरावनं पायानं रेघ पुसली. "तुही शाळा तेल्हाऱ्याले भरव. मी फी नाई भरली."

"नाई भेटत दादा! आपन मधात आठ ठेवला, त्यात तुहा बहार बी गेला आन् तिचा माल बी गेला."

"माहा नाई गेला आजून. आजपासून पुरं पानी तोडलं त वैशाखात पानं गळते."

"हाव. गळते. आन् तिची भेंडी?"

"तिले दोन टाइम जेवाले मी नाई म्हटलं काय?"

मास्तर काडी घेऊन ताडकन उठले. तेवढ्यात आवाज ऐकून नत्थुजी काठी टेकत बांधाच्या धुऱ्यावरून आला. आला तो दोघांच्या मधातच उभा राहिला. काय झालं ते त्यानं ऐकून घेतलं, डोळे मिटले.

"खुशाल म्हन्ते आठ," तो म्हणाला. "वच्छली म्हन्ते चार. त आता सहा करा ना बाप्पा. कायले भांडता?"

मास्तरांच्या हातात त्या वेळी खडू नव्हता, म्हणून काडी मोडली.

"काका! आधी 'कधीच नाई' आन् चाराच्या मधात आठ काढला, आता आठ आन् चाराच्या मधात सहा! उद्या पाच कराल, परवा साडेचार! तुमी न्याय करून राह्यले का सुपारी कातरून राह्यले? दोघाईचं जमत नाई, थे जमत नाई म्हना ना एकदा! कोनाचं मराचं थे तोंडानं सांगा. मध काढला का कोनाचा जीव गेला थे कोनालेच सांगा लागत नाई, म्हनून गोड लागते तुमाले मध!"

नत्थुजीला आयुष्यात असं कोणी बोललं नव्हतं. तो थारोळ्यावर बसला.

खुशालराव उभा राहिला. आता त्याचाही आवाज चढला. "बरं. मध नाई. मंग तूच सांग मास्तर. माही झाडं का तिची भेंडी? सांग तोंडानं!"

"तिची भेंडी."

"सात वर्सं! घागरीनं पानी घातलं मी. तू तवा अकोल्याले आकडे गिरवत होता."

"हाव, होतो. झाडं तूनं वाढोली, थे खोटं नाई. पन झाडाले आंबिया बहार हाये. हिवाळ्यात ताण दे, थंडी सरता सरता फुलते. झाड थांबू शकते दादा. तिची चूल थांबत नाई."

"आन् हिवाळ्यात हे बसली वांगे लावून, मंग?"

"हिवाळ्यात मी हरभरा पेरतो," मागून वच्छला बोलली. ती केव्हा वर आली कोणी पाहिलं नव्हतं. "त्याले पानी लागत नाई. दांड कोरडा ठेव दादा, तवा ठेव. मी थेंब मांगनार नाई. उन्हाळा माहा, हिवाळा तुहा. असं पाडव्यालेच सांगत होती मी. कोनं इचारलंच नाई."

खुशालरावनं तिच्याकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं. क्षणभर वाटलं हा ऐकतो. पण गावात तो सांगून बसला होता की औंदा मृग घेतो. पार्बताबाईनं माहेरी निरोप धाडले होते.

"हिवाळा कोनं पाह्यला," तो म्हणाला. "बैल माहे. माहे बैल मोटीले लागनार नाई." बैल सोडून त्यानं घराकडे हाकले आणि मागं न पाहता गेला.

विहिरीवर मोट लोंबत राहिली. मास्तर नत्थुजीकडे वळले.

"काका, सकाळी तुमचे बैल द्या."

नत्थुजीनं जमिनीकडे पाहिलं. खुशाल त्याच्या रोजच्या बैठकीतला, वच्छला त्याच्या हातावर वाढलेली. त्यानं दाढी खाजवली. मग म्हणाला, "एक नेजा."

"एक?"

"एक बैल नेजा मास्तर. म्हनजे खुशालले बी वाईट नाई वाटनार."

वच्छला आधी हसली. कोरडं, नाकातून. मास्तर हसले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याकडे असं पाहिलं की नत्थुजी काठी टेकत उठला आणि घराकडे निघाला.

रविवारी झुंजूमुंजू व्हायला मास्तर नत्थुजीच्या गोठ्यात गेले आणि दोन्ही बैल सोडून घेतले. नत्थुजी ओट्यावर पांघरूण घेऊन निजला होता. जागा होता, पण त्यानं कूस बदलली.

मोट हाकायची सवय मास्तरांची सुटली होती. पहिल्या चार-पाच मोटा अर्ध्या रिकाम्या आल्या, नाडा हातातून सरकला, तळवे सोलले. परके बैल विहिरीच्या उतरत्या धावेवरून जाताना ऐकत नव्हते. मास्तर त्यांना शिव्या देत होते, नत्थुजीला देत होते, आणि कोणी ऐकायला नाही तिथं स्वतःलाही देत होते. पाणी थारोळ्यातून दांडात पडलं, संत्र्याच्या मुळांशी रेंगाळलं, खाली गेलं. वच्छला फावडं घेऊन एक वाफा फोडी, एक बांधी.

खुशालराव एकदा धुऱ्यावर येऊन उभा राहिला. पाणी आपल्या झाडांमधून जाताना त्यानं पाहिलं. मास्तरांना वाटलं, आता हा दांड फोडून नाल्यात सोडते. पण त्यानं तसं केलं नाही. एका झाडाचा पालवीचा शेंडा त्यानं खुडला, हातात चुरडला आणि निघून गेला. त्या दिवसापासून तो मास्तरांशी बोलेनासा झाला. पार्बताबाईनं दुपारची भाकर धाडली नाही. वच्छलानं धाडली, बेसनाबरोबर. पण भावाच्या हातात दिली नाही, धावेच्या कडेला दगडावर ठेवली आणि वाफ्यात परत गेली. एका दिवसाच्या पाण्यानं तिचा राग भिजणार नव्हता.

शेवटचा वाफा भरला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "गुरवारी पुन्ना पाजा लागते. बैलाचं पाहा."

"पाहतो," मास्तर म्हणाले. "नत्थुकाकाले सांगून ठेवतो. आता एक बैल म्हनाची त्यायची हिंमत नाई."

"गुरवारी तुमी याल?"

"शाळा सुटली का येईन."

"बंडी उभी राहीन ना तुमची?" वच्छला म्हणाली, आणि फावडं खांद्यावर टाकून गेली.

बैल गोठ्यात बांधून, वैरण टाकून ते पायीच तेल्हाऱ्याला निघाले.

सोमवारी सकाळी शाळेची घंटा झाली तेव्हा मास्तरांच्या दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. हेडमास्तरांनी वऱ्हांड्यातून पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. "मोट," मास्तर म्हणाले आणि पुढं चालू पडले. वर्गात शिरले, खुंटीला टोपी लावली. अंग ठणकत होतं, पाठ वाकत नव्हती, राग तसाच होता.

"पाट्या काढा. नवी उदाहरणं देतो," ते म्हणाले. "आन् अबे शालिकराम, खिडकीतून बैलं मोजू नको. फळ्याकडे पाह्य."

चिंधीतून खडू नीट धरता येईना. त्यांनी तो डाव्या हातात घेतला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत पहिलं उदाहरण लिहायला सुरुवात केली.